वाढत्या वयाचे वाढते वजन

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक यांच्या संयुक्त मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या इतिहासाविषयी, निकालांविषयी किंवा परप्रांतातील मराठीच्या भवितव्याविषयी बोलावे, अशी अपेक्षा असते. त्या विषयांवर आज सकाळपासून माझ्याहून अधिकारी व्यक्ती बोलल्या आहेत. मी मात्र आपला थोडा वेळ मुलांच्या वाढत्या वजनाविषयी बोलण्यासाठी मागून घेतला आहे. विषय उत्सवाला साजेसा नाही, असे काहींना वाटेल. परंतु ज्या मुलांसाठी ही संस्था साठ वर्षे उभी आहे, त्यांच्या पुढच्या साठ वर्षांचा हा प्रश्न आहे. आणि शेवटी मी आपल्याकडे जे मागणार आहे, त्याचा याच विषयाशी संबंध आहे.

शाळा सुरू झाली त्या काळी देशापुढची चिंता निराळी होती. ते दिवस अन्नटंचाईचे, रेशनच्या रांगांचे आणि अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाचे होते. मुलाला पोटभर मिळेल का, हाच प्रश्न होता. आरोग्य तपासणीला आलेले डॉक्टर मुलाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का, एवढे पाहत. ‘अंग धरत नाही हो,’ ही आयांची ठरलेली तक्रार असे. त्या पिढीच्या मनात ‘गुटगुटीत’ हा शब्द ‘निरोगी’ या शब्दाचा पर्याय होऊन बसला, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. ज्यांनी टंचाई पाहिली, त्यांना मुलाच्या गालांवरचे बाळसे हेच धन वाटणार.

आता आकडे काय सांगतात ते पाहू. जगभरातील संशोधकांनी एकत्र येऊन केलेला आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2024 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, भारतातील 5 ते 19 वर्षे वयाची सुमारे सव्वा कोटी मुले 2022 साली स्थूल होती. 1990 साली हीच संख्या सुमारे चार लाख होती. युनिसेफच्या 2025 च्या अहवालानुसार या वयोगटातील स्थूल मुलांचे जगातील प्रमाण इतिहासात प्रथमच कमी वजनाच्या मुलांपेक्षा अधिक झाले आहे. आपल्या देशातले चित्र मात्र दुहेरी आहे. 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वर्षांची 24 टक्के मुले उंची-वयाच्या मानाने कृश आढळली आणि 5 टक्के मुले अतिवजनाची. त्याच सर्वेक्षणात शाळकरी वयाच्या दर दहा मुलांमागे एकाच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. म्हणजे एकाच वर्गात, कधी एकाच बाकावर, दोन प्रश्न शेजारी शेजारी बसलेले असतात. एकाकडे पाहताना दुसऱ्याला विसरून चालत नाही.

येथे एक प्रश्न विचारला जातो : मूल स्थूल आहे, हे ठरवायचे कसे? नजरेने ठरवू नये. वजनाला उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय हा निर्देशांक मिळतो. पण मुलांच्या बाबतीत तो वय आणि लिंग यांच्या तक्त्यावर मांडून पाहावा लागतो, कारण वाढत्या वयात तो सतत बदलत असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली 5 ते 18 वर्षांच्या भारतीय मुलांसाठी असे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत प्रौढांच्या 23 आणि 27 या निर्देशांकांना समतुल्य अशा दोन रेषा आहेत. पहिलीच्या वर अतिवजन आणि दुसरीच्या वर स्थूलता. घरच्या घरी करता येण्यासारखी आणखी एक साधी मोजणी आहे. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक भरला, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

भारतीयांसाठी या रेषा जगाच्या मानाने खाली का ठेवल्या आहेत, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यामागे पुण्यात झालेल्या एका मोठ्या कामाचा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून सभोवतालच्या खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची मुले यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. जन्मतः वजनाने कमी असलेल्या आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने अधिक असते, हे त्यातून पुढे आले. 2004 साली डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच तुलना ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. दोघांचाही बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! म्हणून ‘आमचा मुलगा तर काडीसारखा आहे, त्याला काय होणार?’ असे म्हणून निश्चिंत राहू नये. आणि म्हणूनच या प्रश्नाचा आरंभ मुलाच्या डब्यापाशी नसून गरोदर स्त्रीच्या ताटापाशी आहे. तिला नीट खायला मिळणे, बाळाला पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध मिळणे आणि पुढे कमी वजनाच्या बाळाला ‘भरून काढण्यासाठी’ साखर-तूप न भरवणे, हे सारे प्रतिबंधाचेच भाग आहेत.

मुलांचे वजन का वाढते? ‘फार खातो आणि आळशी आहे,’ हे उत्तर सोपे आहे आणि पुष्कळसे अन्यायाचे आहे. आनुवंशिकतेचा वाटा असतो. त्याहून मोठा वाटा आपण मोठ्यांनी आखून दिलेल्या दिवसाचा असतो. आमच्या एखाद्या नववीतल्या विद्यार्थ्याचे वेळापत्रक पाहा. सकाळी सहाला उठून न खाताच शाळेची बस. दुपारी घरी येऊन जेवण आणि लगेच शिकवणी. संध्याकाळी दुसरी शिकवणी. वाटेत कचोरी किंवा वेफर्सची पुडी. रात्री गृहपाठ, मग हातात मोबाइल आणि झोपायला साडेअकरा. या दिवसात त्याने धावावे कधी? जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल असा व्यायाम सांगते. 6 ते 13 वर्षांच्या मुलांना रात्री 9 ते 11 तास आणि त्यापुढे 17 वर्षांपर्यंत 8 ते 10 तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. झोप कमी झाली की भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात आणि मन गोड-तळलेल्याकडे ओढ घेते. यात मुलाच्या स्वभावाचा दोष शोधण्याचे कारण नाही.

आता साखरेचा हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसभरात वरून घातलेली साखर 20 ते 25 ग्रॅमच्या आत असावी. बाजारातील कोला जातीच्या शीतपेयाच्या 250 मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे 26 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमच्यांहून अधिक. दिवसभराचा कोटा एका बाटलीत संपला. चहा, बिस्किटे, जॅम आणि दुधात घालायची ती ‘शक्तिवर्धक’ पूड अजून बाकीच आहे. वेफर्सच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे साडेपाचशे किलोकॅलरी असतात. तेवढ्याच ज्वारीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास, आणि त्या पिठाच्या भाकरीने पोट भरते, वेफर्सने भरत नाही.

इंदूरकरांसमोर खाण्याविषयी बोलणे म्हणजे मोठे धाडस आहे, याची मला जाणीव आहे. या शहरात पाहुण्याचे स्वागतच पोहे-जिलेबीने होते आणि पोह्यांवर शेव नसेल तर ते पोहेच नव्हेत. सराफ्यातला भुट्ट्याचा कीस आणि थंडीतले गराडू यांवर माझेही प्रेम आहे. आपल्या सराफ्याला आणि छप्पन दुकानला स्वच्छ खाऊगल्लीचे केंद्रीय प्रमाणपत्र मिळाले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण पदार्थ स्वच्छ असणे आणि तो रोज खाण्याजोगा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सणाचे खाणे सणालाच राहिले तर त्याची गोडीही राहते. आज घरपोच सेवेमुळे रोजच सराफा घरी येऊ लागला आहे. अडचण तिथे आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट : मुलाला ‘डाएट’वर ठेवू नका. वाढत्या मुलाला उपाशी ठेवणे घातक आहे. त्याने उंची खुंटते, चिडचिड वाढते आणि चोरून खाण्याची सवय लागते. बदल संपूर्ण घराने करायचा असतो. बाबांच्या हातात समोशाची बशी आणि मुलाच्या ताटात काकडी, हे चालत नाही. घरात काय आणायचे, काय शिजवायचे आणि केव्हा जेवायचे, हे आईवडिलांनी ठरवावे. वाढलेल्यातले किती खायचे, हे मुलाच्या भुकेवर सोडावे. ‘पान टाकायचे नाही’ हा आपल्याकडचा संस्कार चांगला आहे, पण त्यासाठी पानात आधी कमी वाढावे. पोट भरलेल्या मुलाला ‘माझ्यासाठी एक घास’ म्हणून भरवत राहिले की पोट भरल्याची खूण त्याचे शरीर विसरू लागते. आजी-आजोबांना माझी विशेष विनंती आहे : माया चॉकलेटने मोजू नका. नातवाला घेऊन बागेत एक फेरी मारा. ती त्याला अधिक काळ आठवेल.

आपले पारंपरिक ताट या कामी मोठे साहाय्य करते. मोड आलेली उसळ, भाकरी, पालेभाजी, कोशिंबीर, आमटी आणि ताक, एवढ्यात सारे आले. परंतु परंपरेच्या नावाखाली सगळेच खपवू नये. साबुदाण्याची खिचडी उपवासाची असली तरी हलकी नव्हे, आणि श्रीखंड-पुरी मराठी आहे म्हणून पौष्टिक ठरत नाही. डब्यासाठी थालीपीठ, भाज्या घातलेला उपमा, मेथीचे पराठे, भाजलेले चणे-शेंगदाणे, एखादे फळ, असे पर्याय आमच्या शाळेतल्या पालकांनीच सुचवलेले आहेत. फळाचा रस काढू नका, फळ तसेच द्या. तहानेला पाणीच द्या. जेवताना मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवा, मोठ्यांचाही.

उपचाराची वेळ केव्हा येते? वर सांगितलेल्या तक्त्यात मूल वरच्या रेषांच्या पलीकडे गेले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. काही खुणा पालकांनी ओळखाव्यात. मूल झोपेत मोठ्याने घोरते, श्वास अडखळतो. जिना चढताना गुडघे किंवा खुबा दुखतो. मुलीची पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर लव वाढते. सारखी तहान लागते. आणखी एक खूण मला इथे मुद्दाम सांगायची आहे. आमच्याकडे आरोग्य तपासणीत सातवीतल्या एका मुलाच्या मानेवर काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा दिसला. त्याची आई म्हणाली, ‘बाई, रोज आंघोळीला दगडाने घासते, पण मळ निघतच नाही.’ वर्गातली मुले त्याला त्यावरून चिडवत असत. तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, याची ती त्वचेवर उमटलेली खूण होती. त्या माऊलीने मुलाला जवळ घेतले आणि घासायचा दगड त्या दिवसापासून बंद झाला.

त्या मुलावर झालेला उपचार ऐकला, तर अनेकांची भीती जाईल. रक्तातील साखर, चरबी, यकृताची तपासणी आणि रक्तदाब पाहिला गेला. डॉक्टरांनी वजन उतरवण्याचे लक्ष्य दिलेच नाही. ते आहे तिथे रोखायचे, एवढेच ठरले. घरातून शीतपेये आणि बिस्किटांचे पुडे गेले, वडील त्याच्याबरोबर संध्याकाळी चालू लागले, रात्री दहाला दिवे मालवायचा नियम झाला. दीड वर्षाने वजन जवळपास तेच होते, उंची मात्र वाढली होती आणि मानेवरचा पट्टा फिका पडला होता. वाढत्या वयाची ही देणगी आहे. सौम्य स्थूलतेत उंचीच पुष्कळ काम करते. आपण वेळ मात्र दवडायचा नसतो.

पालक नेहमी विचारतात, ‘थायरॉइडमुळे असेल का?’ क्वचितच. केवळ आहार-विहारामुळे स्थूल झालेले मूल बहुधा वयाच्या मानाने उंच असते. मूल जाड आहे आणि उंचीही खुंटलेली आहे, तर मात्र संप्रेरकांची तपासणी अवश्य करावी. अतितीव्र स्थूलतेत किशोरवयीन मुलांसाठी औषधे आणि शस्त्रक्रियाही आहेत. पण तो निर्णय तज्ज्ञांचा आहे, शेजाऱ्यांचा किंवा जाहिरातीचा नाही. ‘महिन्यात दहा किलो’ असे आश्वासन देणारा चहा, पूड किंवा काढा वाढत्या मुलाला कदापि देऊ नका.

यापुढचा मुद्दा सांगताना शिक्षिका म्हणून माझे मन जड होते. जाड मुलाला सगळ्यात मोठी इजा चरबीने होत नाही, आपल्या जिभेने होते. जाड्या, ढब्बू, हत्ती, गोणपाट ही नावे वर्गात ठेवली जातात, आणि त्यातली अर्धी घरातूनच आलेली असतात. स्नेहसंमेलनाच्या नाचात आपल्याला मागच्या रांगेतच उभे करतील, म्हणून नावच न देणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. थट्टेने कोणी बारीक होत नाही. थट्टा झालेले मूल मैदान टाळते, खोलीत बसते आणि मनाला बरे वाटावे म्हणून खाते; म्हणजे आपण रोगाला खतपाणीच घालतो. म्हणून आमच्या शाळेत वजन-उंचीची नोंद पडद्याआड होते, आकडा मोठ्याने उच्चारला जात नाही आणि तो बंद पाकिटातून केवळ पालकांना कळवला जातो. शरीरावरून नाव ठेवणे हा शिस्तभंग मानला जातो. तो नियम शिक्षकांनाही लागू आहे.

शाळेने आणखी काय केले, तेही सांगते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार चरबी, मीठ किंवा साखर यांचे प्रमाण अधिक असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विद्यार्थ्यांना विकता येत नाहीत. आपल्या उपाहारगृहातून ते पदार्थ गेले आहेत. फाटकाबाहेरच्या गाडीवाल्या दादांशी आम्ही भांडलो नाही. ते आता उकडलेले मक्याचे कणीस, पेरू आणि भेळ विकतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. आपण त्या मंडळाचे नसूनही आपल्या जिन्यापाशी तसा फलक लावला आहे. त्यावरचे साखरेचे चमचे मुलांनीच मोजून चिकटवले आहेत. वाढदिवसाला चॉकलेट वाटण्याऐवजी वर्गाला एक पुस्तक किंवा चेंडू द्यावा, अशी प्रथा सुरू केली. काही पालक त्यावर नाराज झाले. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि प्रथा चालू ठेवली.

शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला द्यावा, अशी मागणी दरवर्षी दहावीच्या पालकांकडून येते. ती मी मान्य करत नाही आणि पुढेही करणार नाही. मुलींच्या पालकांना तर मी अधिक आग्रहाने सांगते. नववीनंतर मैदानावरच्या मुली झपाट्याने कमी होतात. मध्य प्रदेशाने 2013 साली मल्लखांबाला राज्यखेळाचा मान दिला. ज्या विद्येचे श्रेय पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांना दिले जाते, ती या मातीत रुजली, याचा आपण मराठी माणसे भाषणांतून उल्लेख करतो. तो उल्लेख खरा ठरायचा असेल, तर आपल्या मुलामुलींनी त्या खांबाला हात लावला पाहिजे.

आता माझे मागणे. हीरक महोत्सवी निधीतून मैदानाच्या पूर्वेकडील भागावर वातानुकूलित सभागृह बांधावे, असा प्रस्ताव संस्थेपुढे आहे. माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी उदार हाताने देणग्या दिल्या आहेत आणि त्यामागची त्यांची कृतज्ञता मी जाणते. सभागृहाची गरजही मला मान्य आहे. पण ते मैदानावर नसावे. जुन्या इमारतीवर एक मजला चढवता येईल का, याचा अभ्यास व्हावा. थोडे उशिरा झाले तरी चालेल. ज्या वस्त्यांतून आपली मुले येतात, तिथे आता खेळायला मोकळी जागा उरलेली नाही. पुष्कळांच्या आयुष्यातले हे एकमेव मैदान आहे. एकदा त्यावर सिमेंट पडले की पुढच्या कोणत्याही महोत्सवात ते परत मिळणार नाही.

विश्वस्तांकडे माझी विनंती आहे की, मैदान आहे तेवढे अखंड राहील असा ठराव याच वर्षी व्हावा. माजी विद्यार्थ्यांकडे विनंती आहे की, देणगीतला काही भाग दिव्यांसाठी, मल्लखांबासाठी आणि एका पूर्णवेळ क्रीडाशिक्षिकेच्या वेतनासाठी द्यावा. पालकांकडे विनंती आहे की, शाळा सुटल्यावर संध्याकाळी साडेसहापर्यंत मैदान उघडे ठेवायला आम्ही तयार आहोत. आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्यापैकी दोघे-दोघे देखरेखीसाठी यावेत, आणि जमल्यास खेळावे.

हे होईल का, अशी शंका ज्यांना येते त्यांना मी एवढेच सांगेन की, आपले शहर 2017 पासून देशात स्वच्छतेत अव्वल गणले जाते. त्यापूर्वी ओला आणि सुका कचरा घरात वेगळा ठेवायची सवय इंदूरकरांना लागेल, असे कोणी म्हटले असते तर आपण हसलो असतो. ती सवय लागली. कारण गाडी रोज दारात आली आणि घरातल्या मुलांनी मोठ्यांना डबा चुकला की टोकले. खाण्याच्या आणि खेळण्याच्या सवयींचेही तसेच आहे. शाळेने रोज मैदान उघडावे, घराने रोज ताट बदलावे आणि मुलांना आपल्याला टोकू द्यावे.

मैदानाचा विषय विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत आहे. आपले मत लेखी कळवण्यासाठी कार्यालयात एक वही ठेवली आहे. आज घरी जाण्यापूर्वी कृपया त्या वहीत दोन ओळी लिहून जा. माझ्या मताच्या विरुद्ध असल्या तरी लिहा.